दोस्तोव्हस्कीचा शेवटचा डाव

एप्रिल १८७१. जर्मनीतल्या वीसबाडेन गावात रात्री साडेनऊच्या सुमारास पन्नाशीला टेकलेला एक रशियन माणूस जुगारघरातून बाहेर पडला. खिशात काही उरले नव्हते. घरी परतण्याच्या भाड्यासाठी बायकोने पाठवलेले तीस थेलरही त्याने नुकतेच रूलेटच्या टेबलावर घालवले होते. गावातल्या रशियन धर्मगुरूकडे जाऊन मन मोकळे करावे म्हणून तो अंधारात धावत निघाला, रस्ता चुकला आणि रशियन चर्च समजून भलत्याच इमारतीपाशी पोहोचला. ते ज्यूंचे प्रार्थनास्थळ होते. तो थबकला, मागे फिरला, खोलीवर आला आणि बायकोला पत्र लिहायला बसला.

पत्रात त्याने कबुली दिली, क्षमा मागितली, आणखी तीस थेलर मागितले आणि यापुढे कधीही खेळणार नाही, असे वचन दिले. अशी वचने त्याने याआधी कितीतरी वेळा दिली होती आणि मोडलीही होती. हे मात्र टिकले. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, फ्योदोर दोस्तोव्हस्की जुगाराच्या टेबलावर बसला नाही.

या माणसाच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या जातात. पण त्याच्या आयुष्यातली १८६३ ते १८७१ ही आठ वर्षे व्यसनाच्या अंगाने पाहिली, तर आजही उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते. सुटलेला जुगार पुन्हा का सुरू होतो, कोणत्या क्षणी पाय घसरतो आणि घसरण कशाने थांबते, हे त्यांत दिसते.

बॅगेत कुलूपबंद केलेले पैसे

दोस्तोव्हस्कीचा जन्म १८२१ मध्ये मॉस्कोत झाला. वडील गरिबांसाठीच्या रुग्णालयात डॉक्टर होते. मुलाने लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पण ओढा लेखनाकडे होता. १८४६ मध्ये पहिली कादंबरी आली आणि नाव झाले. १८४९ मध्ये सरकारविरोधी समजल्या गेलेल्या एका चर्चामंडळात सामील असल्याबद्दल त्याला अटक झाली. त्या डिसेंबरमध्ये गोळ्या घालण्यासाठी मैदानात उभे करून, अगदी शेवटच्या क्षणी शिक्षा कमी केल्याचे सांगण्यात आले. मग सैबेरियात चार वर्षे सक्तमजुरी आणि त्यानंतर सक्तीची लष्करी चाकरी. याच काळात त्याला अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार असल्याचे स्पष्ट झाले. फिट येऊन गेली की पुढचे कित्येक दिवस मन काळवंडलेले असे.

१८५९ च्या अखेरीस तो सेंट पीटर्सबर्गला परतला. १८६३ मध्ये युरोपच्या प्रवासात वीसबाडेनला थांबला आणि रूलेटवर दहा हजार फ्रँकांहून अधिक रक्कम जिंकला. पैसे खोलीवर आणून त्याने बॅगेत कुलूपबंद केले आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडायचे ठरवले. ते काही जमले नाही. तो पुन्हा टेबलाकडे गेला आणि निम्मे पैसे घालवून बसला. उरलेल्यांतले काही त्याने आजारी पत्नीसाठी रशियाला पाठवले. पुढे बाडेन-बाडेनला पोहोचल्यावर जवळचे सगळे गेले आणि घरच्यांकडेच पैसे मागायची वेळ आली.

सुरुवातीलाच मोठी रक्कम हाती लागणे ही जुगारातली सर्वांत धोक्याची गोष्ट. पुढे व्यसनात अडकलेल्या अनेकांच्या कहाणीत अशी एक पहिली मोठी जीत असते. त्यामागे मेंदूचे काम आहे. बक्षीस मिळेल की नाही याची खात्री नसते, तेव्हा मेंदूतली डोपामिन या रसायनावर चालणारी यंत्रणा अधिक उत्तेजित होते. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय होते, अधूनमधून मिळणाऱ्याची चटक लागते. थोडक्यात हुकलेला डावही मेंदूला हरल्यासारखा न वाटता जवळपास जिंकल्यासारखा वाटतो आणि पुन्हा खेळायला लावतो. डोपामिनचा हा संबंध आणखी एका ठिकाणी दिसतो. कंपवातावर डोपामिनसारखे काम करणारी काही औषधे दिली जातात. ती घेणाऱ्या काही रुग्णांना, पूर्वी कधी पत्त्याला हात लावला नसला तरी, जुगाराची ओढ लागते. औषध बदलले किंवा मात्रा कमी केली की बहुतेकांची ती ओढ ओसरते.

त्या जिंकीने दोस्तोव्हस्कीला पैशांबरोबर एक चुकीची समजूतही दिली. डोके शांत ठेवून, हिशेबाने खेळले तर हरणे शक्यच नाही, असे त्याला ठामपणे वाटू लागले. दर वेळी हरल्यावर पद्धत बरोबर होती, आपणच उतावीळ झालो, असा निष्कर्ष तो काढी. रूलेटच्या चाकाला कोणाच्या डोक्याशी देणेघेणे नसते. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे असतात. त्यांतली लाल १८. लालवर लावलेला पैसा दुप्पट होण्याची शक्यता ३७ पैकी १८, म्हणजे निम्म्याहून कमी. शांत माणूसही तेवढाच हरतो, फक्त जरा सावकाश.

एकामागून एक ठिणग्या

१८६४ मध्ये एप्रिलात पत्नी मारिया क्षयाने गेली आणि जुलैत थोरला भाऊ मिखाईल. भावाच्या मासिकाचे कर्ज आणि त्याच्या कुटुंबाचा भार दोस्तोव्हस्कीने अंगावर घेतला. पुढच्या वर्षी सावकारांचा तगादा असह्य झाला, तेव्हा स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने तीन हजार रूबलचा करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे त्याचे लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला, अशी अट होती. आलेल्या पैशांतले बहुतेक देणेकऱ्यांकडे गेले. उरलेले घेऊन तो थेट वीसबाडेनला गेला आणि पाच दिवसांत सगळे हरला. हॉटेलवाल्याने जेवण देणे बंद केले, नुसत्या चहावर दिवस निघू लागले. त्याने लेखक तुर्गेनेव्हकडे शंभर थेलर उसने मागितले, पन्नास मिळाले. त्याच खोलीत ‘क्राइम अँड पनिशमेंट’ची सुरुवात झाली.

या एका प्रसंगात घसरणीच्या ओळखीच्या ठिणग्या एकत्र दिसतात. जवळच्या माणसांचे मृत्यू. कर्ज, आणि एका डावात ते फिटेल ही आशा. एकटेपणा, कारण विचारणारे कोणी सोबत नव्हते. हातात आलेली रोख रक्कम. ओळखीचे गाव, जिथे एकदा जिंकलो होतो. यांतली एखादी गोष्ट माणूस पेलू शकतो. तीन-चार एकदम आल्या की तलफ इतकी जोर धरते की शहाणपणाचा आवाज ऐकूच येत नाही.

१९८० च्या दशकात ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसन का उलटते याचा पद्धतशीर विचार मांडला. दुःख, राग, कंटाळा, भांडण, भोवतालच्यांचा आग्रह हे धोक्याचे प्रसंग त्याने नोंदवलेच, पण आणखी दोन प्रसंगांकडे लक्ष वेधले. एक, आनंदाचा क्षण. दुसरा, आपला ताबा किती आहे हे पाहण्यासाठी स्वतःची घेतलेली परीक्षा. दोस्तोव्हस्की ही परीक्षा वर्षानुवर्षे देत होता. या वेळी शांतपणे खेळून दाखवतो, असे म्हणत तो टेबलावर बसे.

गहाण पडलेल्या अंगठ्या

स्टेलोव्हस्कीची मुदत जवळ आली, तरी कादंबरीची एक ओळ झाली नव्हती. ऑक्टोबर १८६६ मध्ये ॲना स्निटकिना ही वीस वर्षांची लघुलेखिका मदतीला आली. २६ दिवसांत त्याने तिला एक अख्खी कादंबरी सांगितली आणि ती वेळेत पोहोचली. कादंबरीचे नाव होते ‘द गॅम्बलर’. जुगाऱ्याचे मन त्याने त्यात इतके बारकाईने उलगडले आहे की, आपल्याला काय झाले आहे हे त्याला कळत नव्हते असे म्हणताच येत नाही. पण कळणे आणि सुटणे यांत अंतर असते. पुस्तक पूर्ण केल्यावर तो आणखी साडेचार वर्षे खेळत राहिला.

फेब्रुवारी १८६७ मध्ये दोघांचे लग्न झाले. सावकार आणि नातेवाइकांच्या जाचातून सुटण्यासाठी एप्रिलमध्ये ती परदेशी गेली. ड्रेस्डेनमध्ये महिनाही झाला नसेल, तोच तो एकटाच होम्बुर्गला निघाला. तीन-चार दिवसांचे ठरलेले होते, लागले दहा. घड्याळ गहाण पडले. परतीसाठी ॲनाने पाठवलेले पैसेही टेबलावर गेले आणि तिला पुन्हा पाठवावे लागले.

उन्हाळ्यात बाडेन-बाडेनला दोघे सात आठवडे राहिली. ॲनाला दिवस गेले होते. तिने लग्नात मिळालेली कर्णफुले व ब्रोच, दोघांच्या लग्नाच्या अंगठ्या, अंगावरचे कपडे असे एकेक करून सगळे गहाण पडत गेले. कधी जिंकून तो वस्तू सोडवून आणी आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा ठेवून येई. तो रडे, पाया पडे, शपथ घेई आणि काही तासांत परत जाई. ॲनाने हे सगळे आपल्या लघुलिपीतल्या रोजनिशीत लिहून ठेवले. पुढे जिनिव्हात असताना तो जवळच्या साक्सों-ले-बँ या गावी खेळायला जाई. ५ मार्च १८६८ रोजी मुलगी सोन्या जन्मली. ती महिन्याची असताना तो पुन्हा तिकडे गेला आणि हरून आला. मे महिन्यात तीन महिन्यांची सोन्या आजाराने गेली.

या काळात अपराधभाव कमी नव्हता, उलट फार होता. तोच त्याला पुन्हा टेबलाकडे नेई. एकदा नियम मोडला की माणसाला वाटते, आता सगळे संपलेच, मग थांबायचे कशाला? मार्लॅटने घसरणीतला हा दुवा विशेष महत्त्वाचा मानला. एखादे पाऊल चुकणे आणि पूर्णपणे व्यसनात परत जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंना जोडणारा पूल बहुधा शरमेचा असतो. जुगारात त्यात आणखी एक भर पडते. गेलेले पैसे फक्त जिंकूनच परत येतील, असे वाटू लागते. म्हणून हरलेला जुगारी घरी जात नाही, तो डाव वाढवतो.

आणि दर वेळी मागून पैसे येतच होते. ॲना पाठवी, तिची आई पाठवी, प्रकाशक आगाऊ देत. माया होती म्हणूनच ती मदत होत होती, पण मागून आलेला प्रत्येक थेलर पुढच्या डावाचे भांडवल ठरत होता.

शेवटची खेप

१८७१ च्या वसंतात दोघे ड्रेस्डेनमध्ये होती. तो खचला होता, कादंबरी अडली होती, मायदेशाची ओढ लागली होती. त्याचे मन हलके व्हावे म्हणून ॲनाने स्वतःच बाजूला ठेवलेल्या पैशांतला काही भाग त्याला दिला आणि नशीब अजमावून ये म्हणाली. आज कोणताही डॉक्टर असा सल्ला देणार नाही. वीसबाडेनला त्याला वाईट स्वप्ने पडली. त्यांत वडील भेसूर रूपात दिसले आणि तरुण ॲनाचे केस पांढरे झालेले दिसले. तो घाबरला, तरी दुसऱ्या दिवशी खेळायला गेलाच. भीतीने तलफ थांबत नाही, हे यातून पुन्हा दिसते. त्यापुढची रात्र सुरुवातीला आलीच आहे.

त्या रात्रीनंतर तो बदलला, असे नेहमी सांगितले जाते. त्या अंधारात काहीतरी खोलवर हलले असेलही. पण केवळ त्या रात्रीने जुगार सुटला म्हणणे म्हणजे पुढच्या दहा वर्षांचे श्रम पुसून टाकणे होय.

दहा वर्षे कशी टिकली

जुलै १८७१ मध्ये कुटुंब सेंट पीटर्सबर्गला परतले. तिथे रूलेटची जुगारघरे नव्हती. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतलीही कायद्याने बंद झाली. म्हणजे मोहाची जागाच दूर गेली. पण तेवढ्याने भागले नसते. फुप्फुसाच्या आजारावर उपचारांसाठी तो पुढे चार वेळा जर्मनीतल्या एम्सला गेला. मोनॅकोतले जुगारघर तेव्हा जोरात चालू होते. तिकडे तो फिरकला नाही.

घरात दुसरा बदल झाला. देणेकरी दाराशी आले, तेव्हा ॲना पुढे झाली. तिने त्यांच्याशी स्वतः बोलणी केली, हप्ते ठरवले. १८७३ मध्ये तिने त्याची ‘डेमन्स’ ही कादंबरी स्वतः छापून घरूनच विकायला सुरुवात केली. व्यवहार, करार, हिशेब हळूहळू तिच्याकडे आले. कर्ज फिटायला पुढची बरीच वर्षे लागली. त्याच्या मृत्यूपूर्वी साधारण वर्षभर आधी ते संपले. एका रात्रीत कर्ज फेडायचे स्वप्न जाऊन त्याची जागा महिन्याच्या हप्त्याने घेतली, ही औषधाइतकीच मोठी गोष्ट होती.

तिसरा बदल दिनक्रमाचा. तो रात्री लिहीत बसे, सकाळी उशिरा उठे, मुलांबरोबर जेवे, फिरायला जाई, ॲनाला मजकूर सांगे. उन्हाळा स्ताराया रुसा या शांत गावी जाई. रिकामा वेळ आणि परक्या गावातला एकटेपणा, या जुन्या ठिणग्या दिनक्रमाने विझवल्या.

खरी कसोटी मे १८७८ मध्ये आली. धाकटा अल्योशा तीन वर्षांचाही नव्हता. त्याला फिट आली, ती थांबली नाही आणि त्यातच तो गेला. हा आजार मुलाला आपल्याकडूनच आला, हे बापाला आतून खात होते. १८६४ मधल्या मृत्यूंनंतर तो पुढच्याच वर्षी वीसबाडेनला गेला होता. या वेळी ॲनानेच पुढाकार घेऊन त्याला एका तरुण तत्त्वज्ञ मित्राबरोबर ऑप्टिना या मठात पाठवले. तिथल्या वृद्ध साधूंना भेटून तो परतला आणि लिहायला बसला. ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’मधल्या सर्वांत निर्मळ मुलाचे नाव अल्योशा आहे. फेब्रुवारी १८८१ मध्ये फुप्फुसातून रक्तस्राव होऊन दोस्तोव्हस्की वारला.

म्हणजे दुःख टळले नव्हते. दुःख आले, तेव्हा जायला दुसरी जागा होती आणि सोबत माणूस होता.

आजच्या घरासाठी

दोस्तोव्हस्कीला जुगारासाठी आगगाडीने दुसऱ्या गावी जावे लागे. आज ते टेबल उशाशी ठेवलेल्या मोबाइलमध्ये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. मोहाची जागा दूर जाते ती अशी. तरीही मटका, सट्टा आणि चोरवाटा उरतातच. म्हणून बाकीची पथ्ये पाळावीच लागतात.

जुगाराचे व्यसन हा आता मान्यताप्राप्त आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू-तंबाखूच्या व्यसनांच्या गटात नेले. त्यावर वर्तनोपचार, समुपदेशन, स्वमदत गट आणि काहींना औषधांचाही उपयोग होतो. सोडलेल्या माणसाने आपल्या ठिणग्यांची यादी करावी: पगाराचा दिवस, भांडण, क्रिकेटचा सामना, जागरण, उसने मागणाऱ्याचा फोन, अगदी बोनसचा आनंदसुद्धा. प्रत्येकीसमोर काय करायचे आणि कोणाला फोन करायचा, ते आधीच ठरवून ठेवावे. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत जागा बदलावी, माणसात जावे. काही काळ बँक खाते, कार्ड आणि पैशांचे ॲप विश्वासातल्या माणसाच्या हाती द्यावे. ‘एकदाच, ताबा पाहण्यासाठी’ खेळू नये.

घरच्यांनी शिव्या देऊ नयेत, तसेच गुपचूप कर्जही फेडत राहू नये. देणे किती आहे ते सगळ्यांसमोर मांडून हप्ते ठरवावेत. पाऊल घसरलेच, तर त्याच दिवशी सांगता येईल असे घर असावे. दोस्तोव्हस्कीने वीसबाडेनहून त्याच रात्री ॲनाला लिहिले, कारण ती दार लावून घेणार नाही, याची त्याला खात्री होती.

कर्जात बुडालेल्या जुगाऱ्याच्या मनात आत्महत्येचे विचार येण्याचा धोका मोठा असतो. तसे काही जाणवले तर वाट पाहू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावे किंवा टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि रात्री-अपरात्रीही उचलला जातो.